खडखड कुणाची

मे महिना, सकाळचे साडेअकरा. छत्रपती संभाजीनगरात त्या दिवसांत साडेअकरालाच दुपार होते. शटरला हात लागला तर चटका बसत होता. पोऱ्या एका बोलेरोच्या सीटला पायपिंग लावत होता आणि मी चहा सांगू का ताक, या विचारात होतो. तेवढ्यात दुकानासमोर एकामागे एक दोन गाड्या लागल्या. दोन्ही बुटक्या, दोन दारांच्या, मागे नावाला सीट. दोन्ही एकाच कंपनीच्या आणि एकाच नावाच्या, फक्त एक २००९ ची आणि दुसरी २०१९ ची, म्हणजे पुढच्या पिढीतली. कंपनीचं नाव सांगणार नाही, शेठला तसा शब्द दिलाय.

जुन्या गाडीतून शेठ उतरले, नव्या गाडीतून त्यांचा मुलगा. शेठ जालन्याचे, लोखंडाच्या धंद्यातले, माझं जुनं गिऱ्हाईक. तिथून इथवर साठ किलोमीटर दोघं वेगवेगळ्या गाड्यांत होते, तरी भांडत आले होते. फोनवर.

"मिस्त्री, हा म्हणायलाय जुनी विकून टाका. कामून, तर म्हणे आतून खडखडते, हलकं काम आहे."

"नुसती खडखडत नाही पप्पा, बटणं हाताला चिकटायलीत."

"आन् तुझ्या गाडीत काय, नुसता टीव्ही लावून ठेवलाय." शेठ माझ्याकडे वळले. "तुम्ही दोन्ही उघडून बघा. कोणतं काम खरं ते सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

शब्द शेवटचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. बापलेकाच्या भांडणात मिस्त्रीचं बिल अडकतं, हा वीस वर्षांचा अनुभव आहे.

माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात ट्रॅक्टरच्या सीटा आणि जीपचे हूड शिवायचे. सुई हातात त्यांनी दिली. नंतर शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून तीन वर्षं ट्रिमच्या, म्हणजे गाडीच्या आतल्या पट्ट्या-पॅडं बसवायच्या, लाइनवर होतो. तिथं दोन पट्ट्यांमधली फट किती आणि एक पट्टी दुसरीपेक्षा वर किती, हे पातीने मोजायला शिकलो. मग दुकान टाकलं. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातल्या लोकांनी मिळून एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींच्या आसपासचा सौदा. पेपरात फोटो आले. तेव्हापासून माझ्याकडे रेक्झिनची थप्पी कमी झाली आणि लेदरची वाढली. पण अशा दोन गाड्या शेजारी शेजारी लावून, दोन पिढ्यांच्या पोटात हात घालायची वेळ पहिल्यांदाच आली.

आधी जुनीत बसलो. दार ओढलं, आवाज जाड आला, धान्याच्या कोठाराचं दार लागावं तसा. पण बटणांना खरंच हात चिकटत होता. त्या काळात कडक प्लास्टिकवर रबरासारखा मऊ रंग मारायची पद्धत होती. शोरूममध्ये बोट फिरवलं की मखमल वाटायची. तो रंग पॉलियुरेथेनचा. दहा-बारा वर्षं ऊन, दमट हवा आणि हाताचं तेल खाल्लं की त्याची साखळी तुटते आणि गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. म्हणजे जे दाखवायला लावलं तेच आधी गेलं. खालचं प्लास्टिक ठणठणीत होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी बनियन घेऊन बसलं की दोन दिवसांत सगळी बटणं साफ होतात. डॅशबोर्डचं लेदर मात्र काचेजवळ अर्धा बोट मागे सरकलं होतं. बाहेर ४२ अंश असले की बंद गाडीचा डॅशबोर्ड ७० च्या पुढे जातो आणि कातडं आकसतं. कातडं शेवटी कातडंच, मग ते कुठल्याही देशातून येवो.

मग नवीत बसलो. खोटं कशाला बोलू, मन खूश झालं. सगळ्या फटी सारख्या, कुठं नख अडकत नव्हतं. डॅशबोर्डभर दुहेरी शिलाई. एअरबॅगचं झाकण जुनीत वेगळं दिसतं, नवीत सलग कातडं. मागच्या बाजूने लेझरने चीर दिलेली असते, फुगायची वेळ आली की तिथूनच फाटतं. वरून काही कळत नाही. हे काम मला आवडलं.

शिलाईकडे मात्र नीट बघितलं. टाके एकदम सरळ, इंचाला पाच. इतके सरळ की शंका आली. कडेला नखाने ओढून पाहिलं, तर शिलाई दोन तुकड्यांना जोडतच नव्हती. एकच सलग कातडं, त्यावर नुसता धागा मारलेला, नवरीच्या हातावरच्या मेंदीसारखा. शेठला दाखवलं तर ते खुर्चीत मागे रेलून मुलाकडे बघायला लागले. मुलगा म्हणाला, "त्यानं काय फरक पडतो? दिसायला छान आहे ना?" त्याचंही चुकत नव्हतं. पण ज्याचा बाप शिलाई करून जगला, त्याला काहीही न जोडणारी शिलाई बघून थोडं वाईट वाटतंच.

नवी पिढी आली की आतलं काम चांगलंच होतं, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. आमच्या धंद्यात पोर्शच्या ९११ चा किस्सा सगळ्यांना तोंडपाठ आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीची विक्री घसरली, पैसा संपत आला. तेव्हा टोयोटातून निवृत्त झालेल्या जपानी माणसांना बोलावून कारखान्याची घडीच बदलली. १९९७ ला आलेल्या ९९६ या पिढीत पुढचा भाग आणि आतले बरेच सुटे भाग आपल्याच स्वस्तातल्या बॉक्स्टर गाडीसोबत वाटून घेतले. इंजिनही हवेऐवजी पाण्यावर थंड व्हायला लागलं. कंपनी त्यामुळे वाचली. पण त्या पिढीच्या आतल्या प्लास्टिकला शौकीन लोक आजही नावं ठेवतात. २००४ ला ९९७ आली आणि आतलं काम सुधारलं. पैसा कुठं वाचवला हे गाडीच्या आत बसल्यावर कळतं, कारण बोनेट उघडून कुणी बघत नाही, पण दाराच्या कडीवर रोज हात पडतो.

मुलाला नव्या गाडीच्या दाराच्या पॅडवर आणि सीटवर लाल धाग्याची शिलाई हवी होती, म्हणून एक दार उघडायचंच होतं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि पंधरा मिनिटं थांबलो. पिवळ्या वायरीला घाईत हात लावायचा नाही, ती एअरबॅगची. पोऱ्याला पहिल्या दिवशी सांगितलेली पहिली गोष्ट हीच.

आधी जुनीचं दार. चार स्क्रू, कडेने लोखंडी क्लिपा, पॅड वर उचललं की हातात. आत प्रत्येक तुकडा स्क्रूने धरलेला. दहा वर्षांनी मोटर बदला, स्पीकर बदला, पॅड परत बसवा, कुठं काही तुटत नाही. मग नवीचं दार. क्लिपा प्लास्टिकच्या, दोन काढतानाच गेल्या, पण त्या डझनावर मिळतात. खरी अडचण पुढे. पॅडचे तुकडे एकमेकांना स्क्रूने नाही, तर प्लास्टिकची बोंडं वितळवून, माथं चपटं करून बसवलेले. उघडायचं म्हणजे बोंडं कापायची आणि परत बसवायचं म्हणजे एपॉक्सी लावून नशिबावर सोडायचं. फायदा एवढाच की आवाज नाही. प्रत्येक वायरीला लोकरी टेप गुंडाळलेली, प्रत्येक जोड घट्ट. नवी गाडी खडखडत नाही, कारण आत हलायला काही ठेवलेलंच नाही.

आणि मग ते दिसलं. पॅडची मागची पाटी प्लास्टिकची नव्हती. तपकिरी, दाबून बसवलेले लांब धागे, पुठ्ठ्यासारखे पण चिवट. कापलेल्या कडेला चार धागे बाहेर आले होते. मी ओढले, बोटांत चोळले, नाकाला लावले. वासानेच मी आजोबांच्या ओसरीवर पोचलो, जिथं ते मांडीवर पीळ देऊन वाखाचे दोर वळायचे.

"काय बघायलात मिस्त्री?" शेठनी विचारलं.

"अंबाडी," मी म्हणालो.

मुलगा हसला. पण हे खरं आहे. वजन कमी करायला जवस, भांग, अंबाडी असल्या झाडांचे धागे प्लास्टिकसोबत दाबून दाराच्या पाट्या करायची पद्धत युरोपात बरीच वर्षं आहे. बीएमडब्ल्यूने २०१३ च्या आय३ मध्ये दाराच्या पाटीला केनाफचा धागा वापरला. केनाफ म्हणजे आपली अंबाडी, जिची भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिजते. शेठ उठून जवळ आले. धागा बोटात धरून म्हणाले, "म्हणजे कोटभराच्या गाडीत बैलाच्या दाव्याचा माल?" मी म्हणालो, "बैलाला आवरतं म्हणजे भक्कमच असणार की."

सीटच्या शिलाईवरून थोडी कुरबुर झाली. पाठीच्या बाहेरच्या कडेची शिलाई मी बदलणार नाही म्हणालो. तिथं आत बाजूची एअरबॅग असते आणि धागा मुद्दाम कच्चा असतो, वेळ आली की तुटायला. तिथं मी पक्का नायलॉन घातला तर एअरबॅग आतच कोंडेल. बाजारात तर अशा सीटांवर जाड कव्हरं चढवून देतात. कुणी बोललं की म्हणतात, आजवर काही झालं नाही. मुलाने दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हणालो. शेवटी बाकीच्या शिलाईवर ठरलं.

राहिली ती खडखड. चार वाजता ऊन जरा उतरलं तेव्हा शेठ स्टिअरिंगवर बसले आणि मी मागच्या नावापुरत्या सीटवर पाय दुमडून. बीड बायपासला प्रत्येक गतिरोधकावर टक्-टक् असा आवाज येत होता, उजव्या बाजूने, खालून. कान पॅनेलला लावून बसलो तर शेजारच्या रिक्षातली माणसं हसायला लागली. जागा सापडली. मागच्या खिडकीखालचं पॅनेल.

दुकानात आल्यावर ते पॅनेल उघडलं. आत टॉर्च मारली, चुंबक दोरीला बांधून खाली सोडला. बाहेर आली एक लोखंडी क्लिप. आणि क्लिपेच्या माथ्यावर चिकटवलेला मरून फेल्टचा तुकडा.

मरून फेल्ट कोण लावतं? आमच्या शेजारच्या टेलरकडे लग्नाच्या बँडवाल्यांचे ड्रेस शिवले जातात. त्याची कातरण मी डबा भरून ठेवतो आणि प्रत्येक क्लिपेच्या माथ्याला चिकटवतो, गाडी वाजू नये म्हणून. माझ्याशिवाय हे शहरात कुणी करत नाही. चार वर्षांपूर्वी याच गाडीचं छत मी बदललं होतं. छताच्या कापडामागचा फोम भुगा होऊन कापड लोंबत होतं. तेव्हा खांबाची पट्टी काढताना एक क्लिप आत पडली असणार. मी डब्यातून दुसरी लावली आणि विसरलो. पडलेली क्लिप चार वर्षं शेपटीकडून पत्र्यावर वाजत होती. शेठ ते ऐकत होते, मुलगा ते ऐकत होता आणि दोघं मिळून कंपनीला शिव्या देत होते.

पोऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला फेल्ट ओळखू आलं होतं. क्लिप खिशात टाकायला एक सेकंद पुरला असता. शेठना स्क्रू सैल होता म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी क्लिप टेबलावर ठेवली. "शेठ, ही माझीच आहे. छताच्या कामाच्या वेळी पडलेली."

शेठ गप्प. मुलगा आधी बोलला, "म्हणजे गाडी नाही वाजत, मिस्त्री वाजायलाय." मग दोघंही हसले. सकाळपासून पहिल्यांदाच ते एकाच गोष्टीवर हसत होते. मी नाही हसलो. सकाळपासून मी नव्या गाडीच्या बोंडांना नावं ठेवत होतो.

शेठनी विचारलं, "आता सांगा, कोणतं काम चांगलं?" मी सांगितलं, नवी बसणाऱ्यासाठी जास्त चांगली, आवाज नाही, वजन कमी, जोड पक्के. जुनी माझ्यासारख्याला चांगली, उघडते आणि परत मिटते. विकायची की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. बटणांच्या कामासाठी शेठ जुनी दोन दिवस माझ्याकडेच ठेवून गेले. छताच्या कामाचे पैसे परत देतो म्हणालो, तर म्हणाले, चहा पाजा.

रात्री घरी गेलो तेव्हा आबा, म्हणजे ते दोर वळणारे आजोबा, अंगणात बाजेवर पडले होते. वय ऐंशीच्या वर, डोळ्यांना कमी दिसतं. खिशातले ते चार धागे त्यांच्या हातात दिले आणि कुठून आणलेत ते सांगितलं नाही. त्यांनी दोन बोटांत चोळले, पीळ दिला, ओढून तोडायला बघितलं, ओठाला लावले.

"अंबाडीच हाय," ते म्हणाले. "पण कुजवण कमी पडली. आणखी चार दिवस पाण्यात पाहिजे होती."