स्टंट स्कूटरचा हेडसेट: आधी दाब, मग क्लॅम्प

स्टंट स्कूटर उडी मारून खाली टेकली आणि हँडलच्या बुडाशी 'टक्' वाजलं, की बहुतेक जण लगेच नवं बेअरिंग मागवतात. कधीकधी बेअरिंग खरंच गेलेलं असतं. पण बऱ्याचदा ते धडधाकट असतं आणि चूक जुळणीत असते: बोल्टचा दाब बेअरिंगपर्यंत पोचण्याआधीच मधे कुठेतरी काहीतरी टेकतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी एकदा सगळं उघडून पुन्हा नीट बसवा.

हेडसेट म्हणजे फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा आणि त्याची वर जाणारी नळी) फ्रेममध्ये सहज वळावा म्हणून बसवलेला बेअरिंगांचा संच; मोटरसायकलच्या गॅरेजात ज्याला कोनसेट म्हणतात, तेच काम इथे तो करतो. आताच्या बहुतेक स्टंट स्कूटरवर इंटिग्रेटेड हेडसेट असतो, म्हणजे वेगळे कप ठोकावे लागत नाहीत, बेअरिंग थेट फ्रेमच्या हेडट्यूबमध्ये, म्हणजे पुढच्या उभ्या नळीत, बसतं. त्याचं प्रचलित माप बाहेरून ४१.८ मिमी आणि कडांचे दोन्ही उतार ४५ अंशांचे. सायकलच्या दुकानात ४१ मिमीचं, ३६ अंश उताराचं बेअरिंगही मिळतं. ते हातात जवळजवळ तसंच दिसतं, पण हेडट्यूबमध्ये सैल पडतं आणि कितीही आवळलं तरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, जात नाही. बेअरिंगवर माप कोरलेलं असतं. पुसलं गेलं असेल तर व्हर्नियर (बारीक माप घेणारी पट्टी) लावा.

बसवण्याआधी हेडट्यूबच्या आतल्या बैठका पुसून घ्या. पावडर कोटिंगचा थर बैठकीत आला असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने काढा. बैठकीला, क्राउन रेसला (फोर्कच्या बुडाशी खालचं बेअरिंग ज्यावर टेकतं त्या कड्याला) आणि बेअरिंगच्या बाहेरच्या अंगाला ग्रीसचा पातळ हात द्या. ग्रीसमुळे बेअरिंग जास्त फिरतं असं नाही, पण पावसाचं पाणी आणि गंज रोखला जातो, आणि बैठकीत कोरडी कुरकुर होत नाही. बेअरिंग बोटाने दाबून बसलं पाहिजे. हातोडी लागत असेल तर माप चुकलंय, ते तिरकं जातंय किंवा हेडट्यूब आपटून लंबगोल झाली आहे.

दिशेचा घोळ सगळ्यात जास्त होतो. बेअरिंगच्या बाहेरच्या कडेला एका बाजूने उतार असतो आणि आतल्या कडेला दुसऱ्या बाजूने. बाहेरचा उतार नेहमी हेडट्यूबच्या आत तोंड करून बसतो. म्हणजे वरच्या बेअरिंगचा बाहेरचा उतार खाली, खालच्याचा वर. उलटं बसवलं तर हँडल थोडं फिरतं, मग अडतं.

फोर्कवर आधी क्राउन रेस. अनेक स्कूटर फोर्कला ती फोर्कमध्येच कोरलेली असते. तिच्यावर हेडसेटबरोबर आलेली दुसरी रेस चढवू नका, नाहीतर बेअरिंग बैठकीत पूर्ण जाणारच नाही. मग खालचं बेअरिंग, फोर्क हेडट्यूबमधून वर, वरचं बेअरिंग आणि त्यात चीर असलेली कॉम्प्रेशन रिंग, उतार खाली करून. ही रिंग डब्यात राहून जाते, आणि तिच्यावाचून सगळं व्यर्थ. फोर्कची नळी २८.६ मिमीची, बेअरिंगचं भोक साधारण ३०.२ मिमीचं; मधली दीड मिलिमीटरची फट भरून नळीला मधोमध धरायचं काम रिंगच करते. त्यावर टॉप कॅप, म्हणजे वरचं झाकण.

आता दाब. तो देण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत: एससीएस, एचआयसी, आयएचसी आणि आयसीएस; तुमच्या स्कूटरची कोणती ते पाहा. एससीएस पद्धतीत क्लॅम्प (हँडल आणि फोर्क आवळून धरणारा पट्टा) फोर्कवर सरकवायचा, हँडल अजून लावायचं नाही. क्लॅम्पच्या आतून दाबाचा बोल्ट फोर्कमधल्या स्टार नटात (नळीत रुतून बसलेल्या नटात) जातो आणि क्लॅम्पला खाली ओढतो. क्लॅम्पचे सगळे बोल्ट यावेळी ढिले हवेत. प्ले संपेपर्यंत दाबाच्या बोल्टला पाव-पाव फेरा द्या, मग क्लॅम्पचे खालचे दोन बोल्ट आवळून फोर्क धरून ठेवा, शेवटी हँडल घालून वरचे दोन. एचआयसी आणि आयएचसीमध्ये शिमचा (फोर्कवर चढणाऱ्या पातळ नळीचा) दाब आधी लावायचा, हँडल त्यावर चढवायचं, ते चाकाशी सरळ करायचं आणि नंतर क्लॅम्प आवळायचा. आयसीएसमध्ये स्टार नट हँडलच्या नळीत असतो आणि बोल्ट फोर्कच्या खालून येतो, त्यामुळे आधी पुढचं चाक काढावं लागतं. एम६ बोल्टला ५ मिमीची ॲलन की, एम८ला ६ मिमीची. दाबाचा बोल्ट कधीच क्लॅम्पच्या बोल्टइतका आवळू नये. त्याचं काम फक्त प्ले घालवणं. क्लॅम्प आधी आवळला असेल तर दाबाच्या बोल्टची सगळी ताकद आट्यांवर जाते आणि बेअरिंगपर्यंत काहीच पोचत नाही. 'कितीही आवळलं तरी हलतंच' याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण फोर्कची लांबी. फोर्कच्या टोकापासून शिमच्या किंवा क्लॅम्पच्या आतल्या वॉशरपर्यंत २-३ मिमी मोकळी जागा लागते. टोकच वॉशरला टेकलं की बोल्ट घट्ट लागतो, पण हेडसेट ढिलाच राहतो. फोर्क कापण्याआधी एक पातळ स्पेसर घालून पाहा. तिसरं, स्टार नट सरकलेला असणं: बोल्ट फिरत राहतो, घट्ट होत नाही. नट काढून नवा बसवा, टोकापासून साधारण १५ मिमी आत, सरळ.

प्ले तपासताना एका पायाने डेकवर (उभं राहायच्या फळीवर) दाब द्या, दुसऱ्याने पुढचं चाक अडवा आणि हँडल पुढे-मागे ढकला. दुसऱ्या हाताचं बोट टॉप कॅप आणि हेडट्यूबच्या सांध्यावर ठेवा. सांधा हलला तर हेडसेट. फक्त चाक हललं तर ॲक्सलचं बेअरिंग, आणि हेडसेट आवळून उपयोग नाही. मग पुढचं टोक उचलून हँडल सोडा; ते आपल्या वजनाने सहज वळलं पाहिजे.

वळताना अडत असेल तर दाब थोडा कमी करा. टॉप कॅप हेडट्यूबला घासत असेल, तिथे रंग खरवडलेला दिसतो, तर तिच्याखाली पाव मिमीचा वॉशर टाका. सरळ चालताना मधोमध खाच लागल्यासारखं हँडल अडकत असेल, तर छर्ऱ्यांनी रेसवर खड्डे पाडलेत. ते बेअरिंग बदलावंच लागतं. नुसती करकर असेल तर सुईने रबरी सील हलकेच उचला, रॉकेलने धुवा, पूर्ण वाळवा, ग्रीस भरा. काही महिने मिळतील, पण गंजाचे डाग रेसवर दिसले तर नवंच घ्या.

स्वस्त घडीच्या स्कूटरवर वेगळा प्रकार दिसतो: आटे असलेला फोर्क, जाळीतले छर्रे आणि दोन नट. तिथे खालचा नट प्ले घालवतो, वरचा त्याला कुलूप लावतो. एक इंचाच्या फोर्कला ३२ मिमीचा आणि १-१/८ इंचाच्या फोर्कला ३६ मिमीचा पान्हा लागतो. खालचा नट एका पान्ह्याने धरून वरचा आवळा, नाहीतर दोन्ही एकत्र फिरतात.

जुळणी झाल्यावर अर्धा तास चालवा आणि पुन्हा तपासा; नवे भाग बैठकीत बसतात आणि थोडा प्ले परत येतो. तोच प्ले दर आठवड्याला येऊ लागला, तर हेडट्यूबच्या वेल्डिंगजवळ केसाएवढी रेघ आहे का ते उजेडात पाहा. रेघ दिसली तर हेडसेटचा नाद सोडा आणि ती फ्रेम चालवू नका.