न पाहता भरलेला रकाना

मालमत्तांचं मूल्यांकन हे माझं काम. बँकेकडून फाइल आली की जागेवर जायचं, मोजमाप घ्यायचं, चतुःसीमा ताडून बघायच्या, फोटो काढायचे आणि अहवाल द्यायचा. त्या दिवशीची जागा कुठल्या शहरात होती ते सांगत नाही. तिथली दंगल होऊन बरीच वर्षं झाली, तरी शहराचं नाव काढलं की लोक अजून तिच्यावरच येतात. "अंधार पडायच्या आत परत फिर," सहकारी निघताना म्हणाला. तो स्वतः तिकडे कधी फिरकलेला नाही.

जागा म्हणजे एक वर्कशॉप. साठीच्या मालकांना नवं मशीन घ्यायचं होतं, त्यासाठी जागा तारण ठेवायची होती. मी सवयीनं भिंतींवर हातोडीनं टकटक करत फिरलो. पोकळ आवाज कुठेच नाही. छताच्या कोपऱ्यात ओल नाही, बीमला तडा नाही. खिडक्यांच्या गजांना नुकताच रेड ऑक्साइडचा हात मारलेला. इतकं निगुतीनं राखलेलं जुनं बांधकाम क्वचितच बघायला मिळतं.

आकडे भरायला लॅपटॉप उघडला. मालक शेजारीच उभे होते. "साहेब, हे आधीच भरलंय का?"

'मार्केटेबिलिटी', म्हणजे जागा कितपत सहज विकली जाईल, या रकान्यासमोर 'खराब' लिहिलेलं होतं.

झालं होतं असं, की वेळ वाचावा म्हणून आदल्या रात्री मी त्याच शहरातल्या एका जुन्या अहवालाची कॉपी करून ठेवली होती. त्या अहवालात तो शब्द त्याच्या आधीच्या अहवालातून आलेला. "फॉरमॅट जुना आहे, काका," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या हातातल्या हातोडीकडे बघितलं.

आमच्या धंद्यात भाव ठरतो तो आसपासच्या अलीकडच्या व्यवहारांवरून. बदनाम शहरात व्यवहार मुळात कमी, आणि होतात ते बहुतेक अडलेल्यांचे, पडत्या भावात. आम्ही तोच भाव धरतो आणि वर 'लोकेशन रिस्क' म्हणून आणखी थोडं कापतो. मग कर्ज कमी बसतं, मशीन येत नाही, कंटाळून शेजारचा जागा फुंकून निघून जातो. पुढच्या मूल्यांकनात त्याचाच व्यवहार आमचा आधार.

अमेरिकेत 1930च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेनं दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले होते. कर्जाला 'धोकादायक' वस्त्या लाल रंगात. कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक वेळा लालच असायची. घरांच्या व्यवहारातला असा भेदभाव 1968मध्ये कायद्यानं बंद केला, पण त्या लाल भागांतले कितीतरी भाग आजही गरीबच आहेत. शिकत असताना हे वाचून मी चांगलाच चिडलो होतो. माझ्याकडे लाल खडू नव्हता, स्क्रीनवर शब्द निवडायचा ड्रॉपडाउन होता, इतकाच फरक.

हे चक्र उलटं फिरवायचं तर कुणीतरी त्या नावाला न जुमानता आधी पैसा घालावा लागतो. कोलंबियातल्या मेडेयिनमध्ये 1991च्या सुमारास खुनांचं प्रमाण लाखामागे साडेतीनशेच्या वर होतं. त्याच शहरानं 2004मध्ये डोंगरउतारावरच्या गरीब, बदनाम वस्त्यांपर्यंत केबल कार नेली आणि ती मेट्रोला जोडली. खून घटायला इतरही बरीच कारणं होती, पण जिथं जायला लोक घाबरत तिथं रोजची वाहतूक सुरू झाली.

गाडीत बसून मी 'खराब' पुसून 'मध्यम' केलं. 'चांगली' लिहायला हात धजावला नाही. दाखवायला व्यवहार तीनच होते. तिसऱ्या दिवशी बँकेची मेल आली: लोकेशन रिस्क विचारात घेतलेली दिसत नाही, खुलासा करावा. मी भिंती, छत, बीम, रस्ता सगळं लिहून पाठवलं. फाइल दुसऱ्या व्हॅल्युअरकडे गेली.

त्याचा मला फोन आला. "त्या शहरातला एखादा जुना रिपोर्ट असेल तर पाठवा ना, तेवढाच वेळ वाचेल."