उलट्या बाजूचा स्विंग

मी गोल्फ प्रशिक्षक आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग ड्रायव्हरच्या, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबच्या (चेंडू मारायच्या काठीच्या), स्विंगचा, म्हणजे तो फिरवण्याचा, वेग वाढवण्यात जातो. या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी ज्यांच्यामुळे बदलली, त्या एका विद्यार्थिनीविषयी, त्यांच्या संमतीने आणि नाव न देता, येथे लिहीत आहे. त्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्या गणित शिकवतात आणि उजव्या हाताने खेळतात. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक वही होती आणि तीत व्यायामाच्या व स्विंगच्या वेगाच्या नोंदी तारखेनिशी मांडलेल्या होत्या. व्यायामाचे आकडे महिन्यागणिक वर चढत गेले होते. जमिनीवरून उचलता येणारे वजन वाढले होते, पाठीची आणि खांद्यांची लवचीकता सुधारली होती. ड्रायव्हरचा वेग मात्र ताशी ७९ मैलांच्या आसपासच घुटमळत होता. "सर, ताकद वाढली हे मला दिसते आहे, मग ती क्लबपर्यंत का पोहोचत नाही?" असे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले. वेग वाढवू पाहणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असाच हा प्रश्न आहे, कारण ताकद कमावणे आणि ती पाव सेकंदात वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाउनस्विंगला, म्हणजे क्लब वरून चेंडूकडे आणण्याला, साधारण तेवढाच वेळ मिळतो आणि क्लब व चेंडू यांचा संपर्क तर सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरता टिकतो.

अशा वेळी मी आधी सोप्या शक्यता तपासतो. फटक्याची लांबी कमी पडण्याचे कारण पुष्कळदा वेगात नसतेच. फटका मध्यावर बसत नसतो. चेंडूचा वेग भागिले क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या टोकाचा, वेग म्हणजे स्मॅश फॅक्टर, आणि ड्रायव्हरच्या बाबतीत त्याची वरची मर्यादा साधारण १.५० इतकी असते. या बाईंचा स्मॅश फॅक्टर १.४३ होता, म्हणजे संपर्क चांगला होता. क्लबही त्यांना साजेसा होता. काही खेळाडू चेंडू समोर आला की आखडतात आणि चेंडू नसताना बरेच वेगाने फिरवतात. यांच्या दोन्ही स्विंगचा वेग जवळपास सारखाच निघाला, त्यामुळे भीतीचे कारणही बाद झाले. ग्रिप घट्ट आवळलेली नव्हती. व्हिडिओत डाउनस्विंगची सुरुवात कंबरेपासूनच होत होती, तीही योग्य वेळी.

एक खटकणारी गोष्ट मात्र दिसत होती. चेंडूपाशी पोहोचताना त्यांचा डावा, म्हणजे लक्ष्याकडचा गुडघा सरळ होत नव्हता. तो वाकलेलाच राहायचा, आणि फॉलो-थ्रूमध्ये, म्हणजे फटक्यानंतरच्या हालचालीत, शरीराचा भार त्या पायावर पूर्ण येण्याआधीच त्या पाऊल उचलून मागे घ्यायच्या. पुष्कळ हौशी खेळाडूंमध्ये असे दिसते आणि त्याला सवय म्हणून सोडून दिले जाते.

त्या दिवशी आम्ही वेगाच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या काठ्या घेतल्या होत्या. या काठ्या ड्रायव्हरच्या लांबीच्या असतात, काही ड्रायव्हरपेक्षा हलक्या तर काही किंचित जड, आणि त्या चेंडूविना, वेग मोजणाऱ्या रडारसमोर, पूर्ण जोर लावून फिरवायच्या असतात. हलक्या काठीमुळे शरीराला नेहमीपेक्षा जलद हालचालीची ओळख होते, अशी त्यामागची कल्पना आहे. या सरावात काही फेऱ्या उलट्या बाजूनेही घेतात, कारण एकाच बाजूला सतत वळणाऱ्या शरीराचा तोल त्याने सांभाळला जातो. हलक्या काठीने उजव्या बाजूने त्यांचा सर्वोत्तम वेग ताशी ८८ मैल आला. मग त्यांनी हात बदलले. डावखुऱ्या खेळाडूसारखा क्लब त्यांनी तोपर्यंत कधी धरलाही नव्हता, हालचाल ओबडधोबड होती, हातांचा क्रम चुकत होता. रडारवर आकडा आला ८६.

मी त्यांना पुन्हा फिरवायला सांगितले. पुन्हा ८५ आणि ८६ च्या दरम्यानचेच आकडे आले. उजव्या हाताने वर्षानुवर्षे खेळलेली व्यक्ती उलट्या बाजूने काठी फिरवते तेव्हा वेग चांगलाच खाली येतो. मी इतक्या जणांकडून हे करून घेतले आहे की, दोन बाजूंमध्ये एवढासा फरक पाहून पहिला संशय मला रडारच्या जागेचाच आला. मी यंत्र हलवून, कोन तपासून, पुन्हा लावले. आकडे तेच राहिले. त्यांनी ते वहीत उतरवले आणि स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे उजव्या बाजूला काहीतरी अडते आहे." मला वाटते, निदान त्याच वाक्यात झाले होते, पुढे उरला होता तो अडथळा नेमका कुठे आहे हे शोधण्याचा भाग.

आमच्याकडे फोर्स प्लेट, म्हणजे पायाखालचे बल मोजणाऱ्या पाट्या, आहेत. प्रत्येक पायाखाली एक पाटी ठेवून स्विंग केला की कोणत्या क्षणी कोणता पाय जमिनीला किती जोराने दाबतो हे आलेखावर दिसते. लांब मारणाऱ्या खेळाडूंच्या आलेखात एक गोष्ट ठळक असते: डाउनस्विंग सुरू होताच भार पुढच्या पायावर येतो आणि चेंडूला क्लब लागण्याआधीच तो पाय जमिनीला शरीराच्या वजनापेक्षा अधिक बलाने ढकलतो. त्याच क्षणी गुडघा सरळ होतो, कंबरेचे वळणे मंदावते आणि तिचा वेग धडाकडे, धडाचा दंडांकडे, दंडांचा मनगटांतून क्लबकडे जातो. आसूडाचा दांडा थबकल्यावरच त्याचे टोक कडाडते, तसाच हा प्रकार आहे. पुढचा पाय रोवला गेला नाही तर कंबर थांबत नाही, ती लक्ष्याच्या दिशेने घसरत राहते, आणि मागून येणाऱ्या अवयवांना वेग मिळायचा तो मिळत नाही. खेळाडूला मात्र आपण सर्व ताकद लावली असेच जाणवते, आणि ती त्याने लावलेलीही असते.

बाईंच्या उजव्या बाजूच्या स्विंगमध्ये डाव्या पायाखालचे कमाल बल त्यांच्या वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास होते, आणि ते येत होते चेंडू निघून गेल्यानंतर. उलट्या बाजूने फिरवताना पुढचा पाय उजवा झाला, तेव्हा तोच आकडा ११० टक्क्यांवर गेला आणि योग्य क्षणी आला. कधीही न केलेल्या हालचालीत त्यांचे शरीर पाय अचूक रोवत होते, आणि सरावाच्या हालचालीत तेच करायला नकार देत होते.

मी त्यांना डाव्या पायाला कधी दुखापत झाली होती का, असे विचारले. त्यांनी लगेच नाही म्हटले. थोड्या वेळाने त्यांना आठवले की, बऱ्याच वर्षांपूर्वी पायऱ्या उतरताना डावा घोटा बाहेरच्या बाजूला मुरगळला होता, नंतर आणखी एकदा तसेच झाले होते, पण "आता काहीच दुखत नाही, सर, मी विसरूनही गेले होते." मी त्यांना अनवाणी एका पायावर उभे राहायला सांगितले. उजव्या पायावर त्या स्थिर होत्या; डाव्यावर पाऊल सतत थरथरत होते आणि काही क्षणांत दुसरा पाय खाली येत होता. एका पायावर छोटी उडी मारून स्थिर उतरणे उजवीकडे सहज जमले, डावीकडे त्या प्रत्येक वेळी पाऊल आत दाबून सावरत होत्या.

गोल्फच्या फॉलो-थ्रूमध्ये शरीर लक्ष्याकडे वळते तेव्हा पुढचे पाऊल आपल्या बाहेरच्या कडेवर कलते. घोटा मुरगळतो तोही बहुतेक वेळा याच दिशेने, आणि त्यात बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात. वेदना काही आठवड्यांत जाते, पण घोट्याची तोल ओळखण्याची क्षमता आणि त्याला आधार देणाऱ्या पोटरीच्या स्नायूंची तत्परता आपोआप परत येईलच असे नाही. म्हणजे या बाईंचा प्रत्येक पूर्ण स्विंग त्यांच्या घोट्याला ज्या दिशेने दुखापत झाली होती त्याच दिशेने नेत होता, आणि शरीर त्या वाटेवर जाण्याआधीच सर्व यंत्रणा मंद करत होते. शरीर जेवढा वेग सुरक्षितपणे थांबवू शकते तेवढाच वेग निर्माण होऊ देते, हे तत्त्व धावपटूंच्या आणि भालाफेकपटूंच्या प्रशिक्षणात परिचित आहे. गोल्फमध्ये आपण वेग कसा आणायचा यावरच सारा भर देतो आणि तो थांबवणाऱ्या पायाकडे क्वचितच पाहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. वर्षभर निष्ठेने वजने उचलणाऱ्या व्यक्तीचे कष्ट एका घोट्यापाशी अडून राहावेत, ही छोटी गोष्ट नाही.

तिथेच मी वेगाचा सराव थांबवला. दुबळ्या घोट्यावर पूर्ण जोराचे स्विंग करून घेणे मला योग्य वाटले नाही. शिवाय पाय साथ देत नसला की कंबरेच्या मणक्यावर ताण येतो, आणि गोल्फपटूंच्या दुखापतींमध्ये कंबरदुखी अग्रक्रमाने आढळते. मी त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवले. तिथे घोट्याची मागची-पुढची हालचाल कमी असल्याचे आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू उशिरा प्रतिसाद देत असल्याचे निष्पन्न झाले. पुढील काही आठवडे त्यांनी एका पायावरचे तोलाचे व्यायाम, टाचा उचलण्याचे व्यायाम आणि मग हळूहळू उड्या मारून एका पायावर उतरण्याचा सराव केला.

स्विंगमध्ये आम्ही केलेले बदल थोडेच होते. डावे पाऊल लक्ष्याच्या दिशेने २५ ते ३० अंश उघडे ठेवले, जेणेकरून शरीर वळताना घोट्यावरचा पीळ कमी व्हावा. फॉलो-थ्रूमध्ये पाऊल जागीच खिळून न ठेवता त्याला थोडे फिरू द्यायचे ठरवले. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे वर नेताना, डावी टाच उचलायलाही मी सांगितले. त्यांना पूर्वी टाच जमिनीलाच टेकवून ठेवायला शिकवले होते, त्यामुळे त्या सुरुवातीला कचरल्या. पण बॉबी जोन्स आणि जॅक निकलॉस हे दोघे दिग्गज गोल्फपटूही टाच उचलूनच खेळत, आणि पन्नाशीनंतर कंबरेचे वळणे आखूड होऊ लागते तेव्हा ही जुनी रीत फार उपयोगी पडते असे माझे स्पष्ट मत आहे. उचललेली टाच परत जमिनीवर आपटणे, हीच डाउनस्विंगची सुरुवात ठरते. पाय कधी रोवायचा याचा नेमका क्षण त्यातून शरीराला मिळतो.

फिजिओथेरपिस्टने हिरवा कंदील दाखवल्यावर काठ्या पुन्हा बाहेर आल्या. वेगाच्या सरावाचे नियम मी कडक ठेवतो: शरीर पूर्ण गरम झालेले असावे, फेऱ्या थोड्या असाव्यात, दोन स्विंगमध्ये श्वास शांत होईपर्यंत थांबावे, प्रत्येक स्विंग रडारवरचा मागचा आकडा मोडण्याच्या इराद्याने करावा, आणि आकडे उतरू लागले की त्या दिवसापुरते थांबावे. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, मध्ये किमान एक दिवस सोडून, एवढे पुरेसे असते. थकलेल्या शरीराने केलेले शंभर स्विंग शरीराला संथपणाच शिकवतात. या पद्धतीने मोठ्या स्पर्धांतील खेळाडूंनीही वेग कमावला आहे. शरीराने सडपातळ असलेल्या मॅट फिट्झपॅट्रिकने वेगाच्या नियोजित सरावाची जोड देऊन आपल्या फटक्यांची लांबी वाढवली आणि २०२२ ची यूएस ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली. फिल मिकेल्सननेही वयाच्या चाळिशीच्या अखेरीस वेगावर मेहनत घेतली आणि २०२१ मध्ये, ५० वर्षांचा असताना, पीजीए चॅम्पियनशिप जिंकली. बाईंना मिकेल्सनचे उदाहरण अधिक आवडले.

उजव्या बाजूचा वेग आधी काठीवर वाढला आणि नंतर ड्रायव्हरवर. दोन्ही बाजूंमधील अंतर रुंदावू लागले, आणि या एका प्रकरणात अंतर वाढणे ही चांगली खूण होती. डाव्या पायाखालचे बल वजनाच्या शंभर टक्क्यांपलीकडे गेले, चेंडूच्या आधी येऊ लागले, आणि व्हिडिओत गुडघा सरळ होताना दिसू लागला. काही महिन्यांनी ड्रायव्हरचा वेग ताशी ८६ मैलांवर स्थिरावला आणि कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून कापतो ते अंतर, १६५ यार्डांवरून १८६ पर्यंत गेली. वेग ताशी १ मैलाने वाढला की कॅरी सुमारे अडीच यार्डांनी वाढते असा ढोबळ हिशेब असतो. त्यांनी वहीत ७ गुणिले २.५ मांडून आमची वाढ त्याहून अधिक असल्याचे मला आनंदाने दाखवले. पाय वेळेवर रोवला गेल्याने चेंडू पूर्वीपेक्षा उंच निघू लागला होता, त्याचा हा वाटा असावा असे मला वाटते.

मधल्या काळात स्मॅश फॅक्टर काही आठवडे १.४० च्या खाली गेला होता. वेग वाढताना हे होतेच, कारण हातांना नवा क्रम सवयीचा व्हायला वेळ लागतो. अशा वेळी घाबरून जुन्या वेगाकडे परतू नये, असे मी त्यांना वारंवार सांगत होतो. पुढे तो १.४४ वर आला.

आता वेग वाढवण्यासाठी येणाऱ्या प्रत्येकाकडून मी कार्यक्रम ठरवण्याआधी दोन्ही बाजूंनी काठी फिरवून घेतो, एका पायावरची उडी पाहतो, आणि जुन्या दुखापतींविषयी विचारताना "दुखते का" याऐवजी "कधी दुखले होते का" असे विचारतो. बाईंसोबत सध्या क्लब चेंडूपाशी किती वरच्या दिशेने येतो त्यावर काम सुरू आहे. तो अजून सुमारे ३ अंश खाली उतरत असताना चेंडूला लागतो; टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, थोडी उंच करून आणि चेंडू पुढच्या टाचेच्या आतल्या रेषेत ठेवून तो २ अंश वर चढता यावा, असा आमचा प्रयत्न आहे. वेग तेवढाच राहूनही त्यातून आणखी दहा-बारा यार्ड मिळायला हवेत, आणि डावा पाय आता त्या बदलाचा भार पेलण्याइतका भक्कम आहे.