सव्वा एक ते साडेपाच

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसायची माझी ती पहिलीच वेळ होती. पाणवठ्यावर जे जनावर येईल ते वेळेसकट तक्त्यात लिहायचं, एवढंच काम. सोबतीला पन्नाशी ओलांडलेले एक कोरकू वनमजूर काका होते. सकाळी माझ्या तक्त्यात रानडुकरांचा कळप होता, एक अस्वल होतं, रात्री 1.15 ला आलेली सांबराची मादी होती आणि पहाटे 5.30 ला पाण्यावर उतरलेल्या लांडोरी होत्या. चांदणं लख्ख होतं, पण पलीकडच्या काठावर जांभळीची गर्द सावली पडलेली, तिथलं काहीच दिसत नव्हतं.

खाली उतरल्यावर मी त्या काठाशी उभी राहून चिखल बघत होते. सगळा तुडवलेला. काका म्हणाले, "मॅडम, पहले बैठो." मी उकिडवी बसले. मग त्यांनी मला काठाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसवलं, सूर्याकडे तोंड करून. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मधे आला की कोवळ्या तिरप्या उन्हात त्याच्या कडांची सावली पडते आणि मघाशी सपाट वाटणारा चिखल एकदम उठून दिसायला लागतो. हीच जागा दुपारी बाराला बघितली तर अर्धे ठसे हरवलेले असतात.

सांबराचा खूर स्पष्ट होता, मधे चीर असलेला, टोकाशी निमुळता. त्या खुराची मागची बाजू दाबून एक गोल पाऊल उमटलं होतं. चार बोटं, नखं कुठेच नाहीत, तळव्याच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. आणि त्या गोल पावलाच्या कडेवर लांडोरीची तीन लांब बोटं. मी तक्ता उघडून बघितला. म्हणजे सव्वा एकनंतर आणि साडेपाचच्या आधी कुणीतरी तिथे पाणी पिऊन गेलं होतं, आमच्यापासून पंधरावीस पावलांवर. मला आत कुठेतरी लख्ख झालं. रात्रभर डोळे ताणून जे दिसलं नव्हतं ते तिथे चिखलात होतं, वेळेसकट.

"वाघ!" मी म्हणाले. काकांनी मान हलवली. "नाम बाद में. पहले देखो कहाँ से आया, कहाँ गया." माग काढत आम्ही वर चढलो. काठावरचा चिखल संपून गाडीवाटेवरचा फुफाटा लागला तिथे तेच पाऊल बरंच लहान झालं, जेमतेम माझ्या चार बोटांच्या रुंदीचं. ओल्या चिखलात पाऊल पसरतं, खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. तो बिबट्या होता. नर की मादी, हे विचारल्यावर काका म्हणाले, एका पावलावरून नाही सांगणार.

त्यांचं ते नाही म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. कित्येक वर्षं आपल्या देशात वाघ मोजले जात ते पावलांच्या ठशांवरूनच; काच ठेवून ठसा गिरवायचा, प्लास्टरचे साचे घ्यायचे. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही हे 2005 च्या सुमारास उघड झालं आणि ती पद्धत मागे पडली. 2006 पासूनच्या गणनेत कॅमेऱ्यात आलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखतात. एकेक वाघ पावलावरून ओळखणं जमत नाही, पण इथून कोण गेलं, कधी, कुठे थांबलं, हे पाऊल आजही सांगतं.

परतताना वाटेत लहान मुलाच्या अनवाणी पावलासारखा ठसा दिसला आणि माझ्या छातीत धस्स झालं. इतक्या आत मूल कुठून आलं? काकांनी काटकीनं बोटांच्या पुढे उमटलेले पाच टिंब दाखवले. नखं. अस्वलाचं मागचं पाऊल.

घरी आल्यावर हे सुटू द्यायचं नव्हतं. भावाचं शेत चांदूर रेल्वेच्या बाजूला आहे, पोहऱ्याच्या जंगलापासून फार लांब नाही. पांदणीच्या तोंडाशी हातभर रुंदीची पट्टी मोकळी केली, खडे वेचले, माती चाळणीनं चाळून पसरली. शनिवारी संध्याकाळी ती सारखी करायची आणि रविवारी ऊन वर यायच्या आत जाऊन बसायचं. शेजारी काडेपेटी ठेवून फोटो, मग वहीत चित्र. चित्र काढताना जे दिसतं ते फोटोत निसटतं, म्हणून हात दुखला तरी मी चित्र सोडत नाही.

पहिले तीन आठवडे मी ससा उलट्या दिशेनं पळवला. मोठी दोन पावलं मागच्या पायांची, तेव्हा ती मागे आणि लहान दोन पुढे पडत असणार, असं धरून मी चालले होते. ससा उडी घेतो तेव्हा त्याचे मागचे लांब पाय पुढच्या पायांच्याही पुढे पडतात, हे बांधावरून एक ससा समोर पळाला तेव्हा लक्षात आलं. वहीतले सगळे बाण खोडून फिरवले. कोल्हा आणि गावातला कुत्रा यांत अजून चूक होते. दोघांचीही नखं उमटतात. कोल्ह्याचं पाऊल अरुंद, लांबट, आणि तो सहसा एका रेषेत निघून जातो. कुत्रा हुंगत इकडेतिकडे भरकटतो. एका ठशानं भागत नाही, दहा पावलं मागे जावं लागतं. घोरपड मात्र लगेच कळते, मधोमध शेपटीची नागमोडी रेघ असते.

गेल्या महिन्यात पट्टीवर मांजरासारखं पण जरा मोठं पाऊल आलं. रानमांजर असेल म्हणून काकांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. ठशाबद्दल एक शब्द नाही. "इसके पीछे का कदम दिखाओ," एवढंच. मागचं पाऊल गवतात गेलं होतं, माझ्याकडे फोटो नव्हता.

आता पट्टी गवताच्या कडेपर्यंत चार हात वाढवली आहे. काल संध्याकाळी चाळून ठेवली, रात्री वारा नव्हता. पाचला निघते.