‘तू लिही, मी सांगतो’

“दोन ओळी. फक्त दोन ओळी लिही आणि जा खाली खेळायला.”

२०२३ च्या पावसाळ्यात हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की शेजारच्या काकूंनाही पाठ झालं असेल. दोन ओळींना पाऊण तास लागायचा. त्यात पेन्सिलीला चार वेळा टोक करणं, तीन वेळा पाणी पिणं, खोडरबर सोफ्याखाली जाणं, आणि शेवटी डोळ्यांत पाणी. बहुतेकदा त्याच्या, कधी माझ्याही.

लेकाला इथे बंड्या म्हणते. खरं नाव घातलं तर मोठा झाल्यावर माझी खैर नाही. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. दुसरी अर्धी झाल्यावर त्याला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला लागलो. त्याची कारणं हा वेगळा विषय. हे कळल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो, “पण हे चालतं का?” २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरच्या शिक्षणाचं नावच नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं कलम १० म्हणतं, पण न घातल्यास पालकांना शिक्षा कुठेच ठेवलेली नाही. पुढे परीक्षेसाठी एनआयओएस (केंद्राची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. एनआयओएसची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. म्हणजे घाई नव्हती. तरी रात्री अडीच वाजता जाग यायची आणि वाटायचं, हा मुलगा चौदाव्या वर्षी तीन तास पेपर कसा लिहिणार?

बाकी सगळं बरं चाललं होतं. गणित आवडीने करायचा. बोलायला लागला तर थांबायचा नाही, त्यातही पक्ष्यांवर. ऐरोलीहून खाडीत बोटीने नेतात, तिथे आम्ही अग्निपंखी बघायला गेलो होतो. घरी आल्यावर आजीला त्याने तब्बल चाळीस मिनिटं सांगितलं: त्यांची चोच उलटी का, ते पाण्यात डोकं खाली घालून कसे खातात, खाण्यातल्या शेवाळामुळे गुलाबी कसे होतात, आणि पिल्लं गुलाबी नसून राखाडी असतात. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, हेच लिही. वहीत उमटलं: “आम्ही ऐरोलीला गेलो. खूप मजा आली.”

मग मी सगळे करतात तेच केलं. पैसे टाकले.

एका परदेशी अभ्यासक्रमाचं वर्षाचं सभासदत्व घेतलं, डॉलरमध्ये. ‘लिखाणाचा कंटाळा असणाऱ्या मुलांसाठी’ अशी जाहिरात होती आणि मी त्याच वाक्याला भुलले. दोनशेवीस पानांची पीडीएफ. ती घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले, स्पायरल बाइंडिंगसकट सगळं करून आणलं, तर प्रत्येक पानाच्या उजव्या कडेची अक्षरं कापलेली. अमेरिकेतला कागद आपल्या ए-फोरपेक्षा रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला कमी असतो, हे ज्ञान मला साडेचारशे रुपयांना पडलं. (असलं काही छापणार असाल तर ‘फिट टू पेज’ करायला सांगा, एवढं तरी माझ्याकडून घ्या.)

कापलेली अक्षरं चालली असती. आतला मजकूरच चालला नाही. दर पानावर एक चित्र, त्याखाली दहा रिकाम्या ओळी: बर्फामुळे शाळेला सुट्टी मिळाली तर काय कराल? बंड्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आई, ठाण्यात पावसाची सुट्टी मिळते.” तेही लिहायला माझी हरकत नव्हती. पण त्या दहा ओळी बघूनच त्याची मान खाली गेली होती. तीन आठवड्यांत ते बाड कपाटावर गेलं.

माझ्या सासूबाई शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होत्या. आमच्या घरशाळेबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही आणि ते त्या लपवतही नाहीत. कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, “अगं, त्याला सांगता येत नाही का लिहिता येत नाही? आधी ते बघ, मग पुस्तकं विकत घे.”

इतका साधा प्रश्न मला सुचला नव्हता. मग आम्ही दोन दिवस तपासलं. पहिल्या दिवशी त्याने फक्त सांगायचं, मी लिहून घ्यायचं. सव्वा पान झालं. दुसऱ्या दिवशी त्यातली एकच ओळ त्याने बघून उतरवायची. डोक्याला काही काम नाही, नुसता हात. सहा शब्दांना अकरा मिनिटं लागली आणि मधे दोनदा हात झटकून झाला. म्हणजे सांगण्यात काही खोट नव्हती. सुचणं, लक्षात ठेवणं, अक्षर वळवणं, वेलांटी आठवणं ही कामं मी एकाच वेळी मागत होते, आणि हातालाच ती झेपत नव्हती.

डोळे तपासून घेतले, मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे नेलं. लेखनात खरोखरची अध्ययन अक्षमताही असू शकते. तशी शंका असेल तर रीतसर तपासणीच करावी, मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात त्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. आमचं तसं निघालं नाही. बोटांत जोर कमी होता, अंगठा पेन्सिलीभोवती गुंडाळला जात होता आणि डायनिंग टेबलावर बसल्यावर पाय लोंबकळत होते. उपाय ऐकून मला हसूच आलं: पायाखाली पाट, लिहिताना तुटक्या, बोटभर उरलेल्या पेन्सिली (त्यावर अख्खी मूठ मावत नाही, तीन बोटांनीच धराव्या लागतात), आणि रोज कणीक मळणं. कणकेचं खातं तेव्हापासून बंड्याकडे आहे. पोळ्या जरा वातड होतात.

आता अभ्यासक्रम निवडणं सोपं झालं, कारण काय विचारायचं ते कळलं होतं: हे पुस्तक सुचणं आणि लिहिणं वेगळं करतं का? या वेळी विकत न घेता नमुन्याचे धडे घेतले. बहुतेक जण काही पानं फुकट देतात. एकेक पद्धत दोन आठवडे.

सुसान वाइज बावर यांची ‘रायटिंग विथ ईझ’ ही मालिका चार वर्षांची आहे. पहिल्या वर्षी मुलाने फक्त बघून उतरवायचं आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. ते मोठ्यांनी लिहून घ्यायचं. ऐकून लिहिणं त्यानंतर. मनाने काही रचायला सांगतच नाहीत. मी भारावून सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे कित्ता आणि श्रुतलेखन. हे तुला अमेरिकेहून मागवावं लागलं?”

लागलं, कारण मला आठवणारा कित्ता छडीसोबत येणारा होता. आणि निबंध? ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आम्ही गाइडातून पाठ करून लिहायचो. सांग रे तुझ्या शब्दांत, असं मला शाळेत कुणी म्हटल्याचं आठवत नाही. हे त्यांना बोलून दाखवलं नाही.

अँड्र्यू पुडेवा यांच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर एक्सलन्स इन रायटिंग’ची रीत वेगळी. छोटा उतारा घ्यायचा, प्रत्येक वाक्यातून फार तर तीन महत्त्वाचे शब्द टिपायचे, पुस्तक मिटायचं, त्या शब्दांवरून उतारा तोंडी सांगायचा आणि मग लिहायचा. बंड्याला हा खेळ वाटला. तीनच शब्द म्हणजे मुळात कमी लिहायचं! त्यांची पुढची पायरी वाक्य सजवण्याची, म्हणजे क्रियाविशेषण घाला, जोरकस क्रियापद घाला. ती मी अतिउत्साहात मराठीत आणायला गेले आणि “घार चपळतापूर्वक उडाली” असं वाक्य जन्माला आलं. घरात अजून कुणी पटकन उठलं की चपळतापूर्वक उठतं. दोष पद्धतीचा नव्हे, इंग्रजीसाठी शिवलेला अंगरखा मी मराठीला चढवला.

तिसरं, ज्युली बोगार्ट यांचं ‘ब्रेव्ह रायटर’. लहान वयात मूल बोलत असतं ते आईने किंवा बाबांनी टिपून घ्यायचं. नऊ-दहाच्या सुमारास पेन वाटून घ्यायचं, थोडं तू, थोडं मी. मुलाचं बोलणं हेच त्याचं लिखाण, कागदावर कोण उतरवतंय हा पुढचा प्रश्न. हे मला फसवणुकीसारखं वाटायचं. बंड्याला अजिबात वाटलं नाही. “तू लिही, मी सांगतो” हे तो पहिल्या दिवसापासून म्हणतच होता.

खरी अडचण इथून पुढे आली, आणि ती कुठल्याच नमुना धड्यात नव्हती. बंड्या खिडकीतून दिसणाऱ्या तांबट पक्ष्याबद्दल सांगायचा, “तांबटाने बीळ केलं. ते इतकं लहान होतं की मला वाटलं हा आत मावणारच नाही.” मी तसंच लिहायचे. सासूबाई वही बघायच्या आणि केलं, होतं, वाटलं यांवरचे अनुस्वार पुसून केले, होते, वाटले करायच्या. त्यांचंही बरोबर होतं; शाळेत प्रमाण लेखन तेच. पण बंड्या वही परत वाचायला लागला की त्या शब्दांशी अडखळायचा. एकदा म्हणाला, “हे मी नाही सांगितलेलं. मी असं बोलतच नाही.”

ते वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. पहिली आणि अर्धी दुसरी तो इंग्रजी शाळेत फळ्यावरचं उतरवत होता, त्यातलं अर्धं त्याला कळत नव्हतं. आता मराठीत आणलं, तर तिथेही कागदावर आलं की त्याचं वाक्य दुसऱ्याच कुणाचं तरी होत होतं. स्वतःचं काही उरतच नसेल तर मूल हात कशाला दुखवून घेईल?

यावर सासूबाईंशी माझा बऱ्यापैकी वाद झाला. शेवटी तह असा: उतरवायचं आणि ऐकून लिहायचं ते छापील, प्रमाण मराठी. तिथे ह्रस्व-दीर्घ, रफार, सगळे नियम आजीचे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, अठराच्या अठरा नियम त्यांना तोंडपाठ आहेत, त्यांनी ते खुशाल वापरावेत. पण बंड्याने सांगितलेलं बंड्याच्याच शब्दांत राहणार, अनुस्वारांसकट. त्या वहीला आजीने लाल पेन लावायचं नाही. त्या म्हणाल्या, “लाल कशाला, पेन्सिलने करेन.” पेन्सिलनेही नाही.

त्यामुळे शेवटी अभ्यासक्रम कुठला घेतला, तर अख्खा कुठलाच नाही. बावर यांचं पालकांसाठीचं एक जुनं पुस्तक वापरलेलं मिळालं, तेवढंच घेतलं. क्रम त्यातला, तीन शब्दांचा खेळ पुडेवांचा, लिहून घेणं बोगार्टबाईंचं. मजकूर मराठीच. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. एक-एक वाक्य उतरवायला त्यासारखं दुसरं काही नाही. स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी तीन शब्दांच्या खेळाला बऱ्या पडतात. आठवड्याला चार दिवस, दिवसाला वीस मिनिटं, आणि गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन्सिल खाली.

हे लिहिताना फार सुरळीत झाल्यासारखं वाटतंय. नव्हतं. दिवाळीनंतरचे तीन आठवडे त्याने वही उघडली नाही. मधे फोनला सांगून टाइप करायचा प्रयोग केला, तर त्याचा तांबट फोनने तंबाखू केला आणि तो दिवसभर फोनलाच चिडवत बसला. माझे आई-बाबा डोंबिवलीहून आले की अजून विचारतात, “निबंध येतो का त्याला?” नाही येत.

पण एका ओळीच्या दोन ओळी झाल्या, मग तीन. वर्षभराने एके दिवशी मी लिहून घेत होते तर म्हणाला, “दे इकडे, तू फार हळू लिहितेस.”

या मे महिन्यात सोसायटीत पावसाळ्याआधीची झाडछाटणी निघाली. आमच्या खिडकीसमोरच्या सोनमोहोराच्या वाळक्या फांदीत तांबटाचं बीळ आहे, आणि नेमकी तीच फांदी खुणेचा चुना लावून ठेवलेली. मी सेक्रेटरी काकांना फोन करणार होते. महापालिकेची परवानगी कितपत घेतलीय हेही विचारायचं होतं, १९७५ चा वृक्ष कायदा वगैरे. तेवढ्यात बंड्या वहीचं पान फाडून खाली गेला सुद्धा. पान मी नंतर बघितलं:

“सेक्रेटरी काका, ती चुना लावलेली फांदी तोडू नका. तिच्यात तांबट राहतो. आत पिल्लं आहेत, मला आवाज येतो. पिल्लं उडाली की मी सांगीन मग तोडा.”

सासूबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘पिल्लं’वरच्या अनुस्वारापाशी त्यांचं बोट थांबलेलं मी पाहिलं. त्या एवढंच म्हणाल्या, “तारीख घालायला हवी होती रे.”

सेक्रेटरी काका निवृत्त बँकवाले. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, त्याची झेरॉक्स काढली आणि तिच्यावर सोसायटीचा गोल शिक्का मारून ‘पोच’ म्हणून सहीनिशी त्याच्या हातात दिली. फांदी जूनअखेरपर्यंत राहिली. बंड्याला मात्र फांदीपेक्षा शिक्क्याचं अप्रूप. आता त्याला प्रत्येक गोष्टीचा अर्ज करायचाय आणि प्रत्येकाची पोच हवीय. तीन अर्ज माझ्याकडे पडून आहेत, पैकी एक कणीक मळण्यातून रविवारची सुट्टी मिळण्याबाबत. दर वेळी झेरॉक्स परवडत नाही म्हणून गोखले रोडला कार्बन पेपर विचारून आले. दुकानदाराने मागच्या खणातून काढून दिला.