चार कागदांवर एकच सही

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवरून सकाळची गाडी पकडली आणि दोन तासांनी न्यू हेवनला उतरलो. पाहुणे इथे बहुधा येल विद्यापीठासाठी येतात. मला ग्रोव्ह स्ट्रीटची दफनभूमी गाठायची होती.

तपकिरी दगडाचं प्रवेशद्वार एखाद्या इजिप्शियन देवळाचं वाटावं असं! जाडजूड खांब, वर पंख पसरलेलं सूर्यबिंब आणि त्याखाली कोरलेले शब्द: 'मेलेले उठवले जातील.' आत शब्दकोशकार नोआ वेब्स्टर आहेत, कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र, म्हणजे 'जिन', बनवणारे एली व्हिटनी आहेत. मी आलो होतो रॉजर शर्मन यांच्यासाठी.

शर्मन यांचा जन्म 1721 चा, मॅसॅच्युसेट्सचा. वडिलांकडून जोडे शिवायला शिकले. पुढे कनेक्टिकटमध्ये जमीनमोजणी, दुकान, पंचांगं छापणं, मग वकिली. 1755 मध्ये न्यू मिलफर्डमधून वसाहतीच्या विधिमंडळात गेले आणि तिथून पुढे अखेरपर्यंत सार्वजनिक कामातच राहिले. ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराचा 1774 चा करार, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यसंघाची कलमं (म्हणजे देशाची पहिली घटना) आणि 1787 ची आजची राज्यघटना, या चारही कागदांवर सही असलेला हा एकमेव माणूस.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 11 जून 1787 ला त्यांनी फिलाडेल्फियात, राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेत, मांडलेलं सूत्र: एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, दुसऱ्यात प्रत्येक राज्याला सारखंच मत. व्हर्जिनियासारखी मोठी राज्यं ऐकेनात, डेलावेअरसारखी छोटी हटेनात. शेवटी 16 जुलैला 5 विरुद्ध 4 अशा राज्यांच्या मतांनी तोडगा निघाला. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे 19 आणि गोव्याचा 1 खासदार. अमेरिकेत मात्र सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचे दोन सिनेटर आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगचेही दोनच. छोट्या गोव्यावर माझा जीव आहे, म्हणून असेल, पण हा हिशोब मला मनापासून पटतो. खालच्या सभागृहाच्या हिशोबात पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली गेली, ते मात्र आजही वाचवत नाही.

नव्या घटनेखाली शर्मन 1789 मध्ये प्रतिनिधिगृहात आणि 1791 मध्ये सिनेटवर गेले. 23 जुलै 1793 ला वारले, तेव्हा न्यू हेवनचे महापौरही तेच होते.

परतीच्या गाडीआधी 'ग्रीन'वर, गावाच्या मधल्या मैदानात, अर्धा तास बसलो. त्यांना आधी इथेच पुरलं होतं. 1821 मध्ये ग्रोव्ह स्ट्रीटला हलवलं. बाकीचे हजारो लोक अजून त्या हिरवळीखालीच आहेत, आणि वर दोन पोरं चेंडू खेळत होती.