सुईखालची चुंबळ

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा खालच्या मजल्यावर कोणीतरी पाण्याचा पंप सुरू केला असावा, अशी माझी समजूत झाली. टर्नटेबलवर मालकंसाची तबकडी फिरत होती, विलंबित संपत आले होते आणि मी आवाजाचे बटण जरासे पुढे सरकवले होते. त्याबरोबर तानपुऱ्याच्या मागून एक जड, घुमणारा ‘घूं’ उठला आणि पाहता पाहता त्याने गायकाला गिळून टाकले. बटण मागे घेतले की घुमणे थांबे, पुढे नेले की परत येई. दोन दिवस मी तारा तपासल्या, प्लग बदलून पाहिले, अर्थिंगसाठी वायरमनला बोलावून घेतले. दोष यंत्रात नव्हताच. यंत्र ज्यावर ठेवले होते त्या शोकेसमध्ये होता. वडिलांनी करून घेतलेल्या त्या सागवानी शोकेसच्या माथ्यावर मधोमध टर्नटेबल आणि दोन टोकांना दोन स्पीकर, अशी मांडणी मी मोठ्या हौसेने केली होती. दिवाणखान्यात शिरताच ती देव्हाऱ्यासारखी शोभून दिसे आणि येणारे-जाणारे तिचे कौतुकही करीत.

तबकडीवरील खाच माणसाच्या केसाहून अरुंद असते आणि तिच्यात कोरलेल्या सर्वांत हळुवार स्वराचे वळण मायक्रॉनच्याही अंशात मोजावे लागते. तेवढी हालचाल टिपणाऱ्या सुईला ती हालचाल खाचेतून आली की खालच्या फळीतून आली, हे ओळखण्याचे कोणतेही साधन नसते. स्पीकर थरथरला की शोकेसची फळी थरथरते, तिच्याबरोबर टर्नटेबल हलते, ती थरथर सुई इमानेइतबारे उचलते, ॲम्प्लिफायर ती मोठी करून पुन्हा स्पीकरकडे पाठवतो, आणि हे रहाटगाडगे फिरत राहते. एवढे ध्यानात आल्यावर स्पीकर आणि टर्नटेबल एका लाकडावर ठेवायचे नाहीत, हा पहिला नियम आपोआपच ठरला. पण मग कोण कशावर ठेवायचे, या प्रश्नाने माझे पुढचे दीड वर्ष खाल्ले.

या विषयावर उपदेश भरपूर मिळतो, मात्र तो बहुतेक विलायतेहून आलेला असतो. ब्रिटिश जाणकारांचा सल्ला असा की टर्नटेबल हलक्या, ताठ टेबलावर ठेवावे, आणि त्याहून चांगले म्हणजे भिंतीला ठोकलेल्या फळीवर. जड कपाट, दगडी लादी वगैरेंना त्यांच्याकडे फारशी प्रतिष्ठा नाही. मी हे वेदवाक्य मानून चाललो होतो. पण त्यामागचे कारण कळले तेव्हा माझे मलाच हसू आले. अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी १९६१ मध्ये तबकडी आणि सुईचा दांडा दोन्ही स्प्रिंगांवर तरंगते ठेवणारे टर्नटेबल बाजारात आणले, आणि पुढच्या दशकात ग्लासगोच्या लिन कंपनीचे तशाच बांधणीचे टर्नटेबल ब्रिटनमध्ये अनेकांचे आराध्यदैवत झाले. तिथल्या जुन्या घरांची जमीन म्हणजे तुळयांवर ठोकलेल्या लाकडी फळ्या. माणूस खोलीतून चालत गेला की जमीन खालीवर होते, तिच्यावरचे टर्नटेबल आपल्या स्प्रिंगांवर डोलू लागते आणि सुई उडी मारते. अशा जमिनीवर आणखी जड आणि डुलणारे काही ठेवणे म्हणजे झोपाळ्यावर पाळणा टांगण्यासारखे आहे. म्हणून त्यांना जमीनच नको असते, ते भिंत धरतात.

आमचा फ्लॅट पुण्यातला, चौथ्या मजल्यावरचा. पायाखाली सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर बसवलेली फरशी. तिच्यावर शेजारची मुले उड्या मारतात, दिवाळीत चकलीसाठी पाहुण्या बायका बैठक मारून बसतात, पण ती सहसा डोलत नाही. उलट भिंती मात्र चार इंची. तरीही मी पुस्तकी नियमाला जागून दिवाणखान्याच्या भिंतीत चार बोल्ट ठोकून घेतले आणि त्यावर फळी बसवली. भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघर आहे आणि ओटा त्याच भिंतीला लागून आहे, हा तपशील मला रविवारी सकाळी आठवला. पलीकडे खलबत्त्यात वेलदोडे कुटले जात होते आणि इकडे तबल्याच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेला एक आगाऊ मात्रा पडत होती. मिक्सर सुरू झाल्यावर तर काही विचारूच नका. “अहो, माझं कुटून झालं की लावा ना तुमचं गाणं,” असा व्यवहार्य तोडगा पलीकडून आला. तो मी मानला असता, पण आमच्या घरी सतत काही ना काही कुटले जाते.

तेव्हा फळी उतरली. तिची चार भोके अजून भिंतीत आहेत. त्यांवर आता दिनदर्शिका टांगलेली असते.

मग मी आपल्याच घरच्या रीतीने विचार करू लागलो आणि मला तबल्याची चुंबळ आठवली. तबलजी तबला कधीही थेट सतरंजीवर ठेवत नाही. कापडाच्या त्या मऊ कड्यामुळे तबला पक्का बसतो, हवा तसा कलवता येतो, आणि त्याच्या पोटातला नाद जमिनीला चिकटून मरत नाही. पाण्याची घागर डोक्यावर घेणारी बाई तीच चुंबळ वापरते. वस्तू धरून ठेवायची, पण तिला जखडायचे नाही, हे काम त्या चिंध्यांच्या कड्याला पिढ्यान्‌पिढ्या जमलेले आहे. टर्नटेबललाही तेच हवे होते. फरक एवढाच की तबल्याचा नाद आत राखायचा असतो आणि इथे बाहेरचा नाद आत येऊ द्यायचा नसतो.

पदार्थविज्ञान इथे फार अवघड नाही. मऊ टेकूवर जड वस्तू ठेवली की ती आपल्या स्वतःच्या एका संथ लयीत डोलते. त्या लयीहून बऱ्याच जलद अशी जी कंपने खालून येतात ती वरपर्यंत पोचत नाहीत. मात्र नेमकी त्याच लयीत काही आले तर ते उलट वाढते. सुई आणि तिचा दांडा यांची स्वतःची अशी एक डोलण्याची लय असते आणि ती सेकंदाला साधारण ८ ते १२ आंदोलनांच्या आसपास येईल अशीच जोडी निवडतात. म्हणजे टेकूची लय त्याहून पुष्कळ खाली, तीन-चारच्या घरात, असलेली बरी. त्यासाठी टेकू मऊ हवा आणि वरचे वजन भरपूर हवे. लाकडी जमिनीवर हा उपाय आत्मघातकी ठरला असता, कारण जमिनीची लयही तशीच संथ असते. आमच्या निबर स्लॅबवर त्याला अडवणारे कोणी नव्हते. विलायती गृहस्थ ज्याला घाबरतात तेच मला सोयीचे निघाले, याचा आनंद मी जरा जास्तच दिवस मिरवला, हे कबूल केले पाहिजे.

वजनासाठी कडप्पा. महाराष्ट्रात ज्याने कधी ओटा किंवा मांडणी करून घेतली आहे त्याला या काळ्या दगडाची ओळख करून द्यावी लागत नाही. दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक इंच जाड तुकडा कापून घेतला; त्याचे वजन १९ किलोच्या आसपास भरते, हे तो चार मजले चढवताना समजले. दगडाचा एक दुर्गुण असा की बोटाच्या पेराने वाजवला तर तो ‘टण्ण’ म्हणतो, म्हणजे आलेले कंपन तो जिरवत नाही, आपल्या सुरात गाऊन दाखवतो. त्याच्या खाली मऊ टेकू आला की निम्मा बंदोबस्त होतो, आणि वर टर्नटेबलच्या पायांखाली जाड नमदा घातला की उरलेला. टेकूसाठी मी लहान मुलाच्या सायकलची ट्यूब आणली. पंक्चरवाल्याने हवा भरता भरता सायकल कुठे आहे असे विचारले, तेव्हा सायकल नाही, ही गाण्याला लावायची आहे, असे मी सांगून बसलो. त्यानंतर त्याने मला कधीही काही विचारलेले नाही. अर्धवट हवा भरलेली ती ट्यूब फळीवर गोल ठेवली आणि वर कडप्पा ठेवला, तेव्हा माझ्यासमोर एक काळी, रबरी, चक्क तयार चुंबळ होती.

ही सगळी उतरंड ज्यावर राहायची ते रॅक मात्र सुताराकडूनच करून घ्यावे लागले. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पाऊण इंची प्लाय आणला. यावर नेमके ठेवायचे काय, असे मिस्त्रींनी विचारले आणि मी खालच्या कप्प्यात तबकड्या राहतील असे म्हटल्यावर तीन फूट लांबीचा एकसंध कप्पा त्यांनी सुचवला. इथे मात्र मी अडलो. एका फुटात साधारण ८० तबकड्या उभ्या बसतात आणि पाकिटांसह त्यांचे वजन १८-२० किलो होते. म्हणजे तीन फुटांवर एका माणसाचे वजन, आणि तेही वर्षानुवर्षे न उठणाऱ्या माणसाचे. फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा झोल एक-अष्टमांश होतो, आणि लांबी निम्मी केली, दर फुटावरचा भार तोच ठेवला, तर तो एक-षोडशांश होतो. तेव्हा प्लाय जाड करण्यापेक्षा मध्ये उभी पट्टी टाकणे स्वस्त. तबकड्यांना दर फूटभराने आधार मिळाला की त्या कलतही नाहीत. कललेल्या तबकडीला बाक येतो आणि मग सुई समुद्रातल्या होडीसारखी जाते. मिस्त्रींनी मुकाट्याने दोन पट्ट्या टाकल्या. कप्प्याची उंची मात्र त्यांनी एक फूटच धरली होती. पाकीट साडेएकतीस सेंटीमीटरचे असते आणि फूट साडेतीस सेंटीमीटरचा, हे लाकूड कापण्यापूर्वी लक्षात आले म्हणून बरे.

पायांवरून आमचा खरा वाद झाला. मला तीन पाय हवे होते, कारण तिवई कितीही ओबडधोबड जमिनीवर डगमगत नाही. तीन टोके नेहमी एका पातळीत येतात, चौथे टोक आले की भांडण सुरू होते. मिस्त्रींचे म्हणणे असे की तीन पायांचे रॅक कोपऱ्यावर हात टेकला की पालथे होईल. ते बरोबर होते. चार पाय झाले आणि प्रत्येकाखाली फिरवून उंची बदलता येणारा स्क्रू बसवला. अखेरीस त्यांनी आपली लेव्हल कडप्प्यावर ठेवली, बुडबुडा मधोमध आला आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी मान डोलावली. ही सपाटी हौसेपोटी लागत नाही. तबकडीची थाळी कलती असली तर सुई एका बाजूला ओढली जाते आणि खाचेच्या एकाच भिंतीला घासत राहते. ट्यूबमधली हवा महिन्या-दोन महिन्यांनी उतरते, तेव्हा लेव्हल आता आमच्याच घरात असते.

ॲम्प्लिफायरने त्या मानाने त्रास दिला नाही. त्याला फक्त श्वास घ्यायला जागा लागते. शोकेसच्या काचेआड तो एप्रिलमध्ये इस्त्रीसारखा तापायचा. आता मधल्या कप्प्यात, पाठीमागून उघडा आणि डोक्यावर वीतभर मोकळा, असा तो सुखाने राहतो.

स्पीकरचे स्टँड मी एका वेल्डरकडून करून घेतले. चार इंची चौकोनी लोखंडी पाइप, वर-खाली पत्रा आणि उंची २४ इंच, असे कागदावर काढून दिले तेव्हा कुंड्या किती जड आहेत, असा त्याचा पहिला प्रश्न होता. पोकळ पाइप घंटेसारखा वाजतो, म्हणून त्यात वाळू भरायची. वाळूचे कण एकमेकांवर घासून कंपनाची उष्णता करून टाकतात. वाळू ओली राहिली तर आतून लोखंड गंजेल, या भीतीने मी ती चाळून लोखंडी कढईत भाजून घेतली. एकेका स्टँडमध्ये नऊएक किलो वाळू गेली. भाजताना सगळ्या घरात फुटाण्यांच्या गाडीसारखा वास पसरला आणि मुले शेंगदाणे मागत आली, ते एका अर्थी योग्यच होते.

खाली टोकदार खिळे लावतात, तेही मुळात विलायती गालिच्यासाठी. गालिचा भेदून खिळा खालच्या पक्क्या जमिनीवर टेकावा, हा हेतू. स्टँड, वाळू आणि स्पीकर मिळून वीस किलो धरले आणि चार खिळ्यांची टोके एकेक चौरस मिलिमीटरची मानली, तर दर चौरस सेंटीमीटरला ५०० किलोचा भार येतो. मोटारीच्या टायरचा तो दोन-सव्वादोन किलो असतो. व्हिट्रिफाइड फरशीवर हे खिळे एक तर ओरखडा काढतात किंवा चक्क घसरतात. फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी स्टँड सरकवून त्याची चार नक्षीदार वर्तुळे काढली. तेव्हापासून प्रत्येक खिळ्याखाली पाच रुपयांचे जुने, जाड नाणे आहे आणि नाण्याखाली नमदा. मावशी आता चाळीस रुपये तसेच ठेवून त्यांच्याभोवतीने फडके फिरवतात.

चोवीस इंच उंचीमागे असे गणित असते की खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ९०-९५ सेंटीमीटरवर येतो आणि स्पीकरचा उंच स्वरांचा छोटा घुमट त्याच पातळीत असावा. सेकंदाला दहा हजार आंदोलने करणाऱ्या स्वराची लहर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर लांब असते. ती घुमटातून बॅटरीच्या झोतासारखी सरळ जाते. सेकंदाला शंभर आंदोलनांचा खर्ज खोलीभर पसरतो, त्याला कान कुठे आहे याची पर्वा नसते. सोफ्यावर बसून मी हे गणित तपासले आणि ते बरोबर ठरले. पण गाणे ऐकायला मित्र जमले की आमच्याकडे सोफा भिंतीला लागतो, सतरंजी अंथरली जाते, लोड येतात, आणि बैठक मारून बसलेल्यांचे कान एकदम २० सेंटीमीटर खाली जातात. झांजेची किणकिण मग त्यांच्या डोक्यावरून सोफ्याकडे जाते, आणि सोफ्यावर त्या वेळी फक्त आमच्या आई बसलेल्या असतात, ज्यांना झांज ऐकूच येत नाही.

बुटके स्टँड वेगळे करून घ्यावेत, असा एक विचार डोक्यात येऊन गेला आणि घरातल्यांच्या चेहऱ्याकडे पाहून परत गेला. रॅक करताना उरलेल्या पाऊण इंची प्लायच्या पट्ट्या माळ्यावर होत्या. त्यांतल्या दोन, खाली-वर रबर चिकटवून, बैठकीच्या दिवशी मी स्पीकरच्या मागच्या कडेखाली सरकवतो. स्पीकर चारएक अंशांनी पुढे वाकतात आणि आठ फुटांवरच्या सतरंजीपर्यंत त्यांची नजर बरोबर खाली येते. मंडळी पांगली, लोड उचलले, की पट्ट्या काढून तबकड्यांच्या कप्प्यात टाकतो आणि सोफा पुन्हा पुढे ओढतो.